रुप्याची पारख आणि पेढीची खिडकी

बदलापूर ह्या नांवाची लोकांत सांगितली जाणारी उपपत्ति अशी कीं, कल्याणच्या बाजूनें घाटाकडे जाणारे स्वार येथें घोडे बदलीत. ही व्युत्पत्ति खरी कीं रचलेली, ह्याचा निर्णय भाषापंडितांनीं करावा. परंतु त्या वाटेनें जाणाऱ्या माणसास घोड्याहून अधिक वेळां जी वस्तु बदलावी लागे ती म्हणजे नाणें, ह्यांत संशय नाहीं. सोनिवली, बदलापूर, अंबरनाथ हा सारा टापू पूर्वीं कल्याण तालुक्यांत मोडे. येथलें भात, गवत आणि लांकूडफांटा कल्याणच्या पेठेकडे जाई, आणि त्याच्या मोबदल्यांत हातीं पडलेला रुपया सोळा आण्यांचा कीं साडेचौदांचा, हें कुणब्यानें नव्हे, तर समोर गादीवर बसलेल्या सराफानें ठरवावयाचें असे.

ह्या जुन्या व्यवहाराचें स्मरण होण्यास निमित्त एका नव्या वादाचें आहे. अमेरिकेंत १९६४ सालापर्यंत दहा सेंटांचीं, पाव डॉलरचीं आणि अर्ध्या डॉलरचीं नाणीं शंभरांत नव्वद भाग रुप्याचीं असत. १९६५ च्या कायद्यानें पहिल्या दोहोंतील रुपें साफ काढून टाकलें. अर्ध्या डॉलरांत तें शंभरांत चाळीस भाग ठेवलें, आणि १९७१ पासून रोजच्या चलनांतील अर्ध्या डॉलरांतूनहि तें गेलें. तेव्हांपासून तेथील कित्येक नाणेसंग्राहक बँकेच्या खिडकीवरून नाण्यांच्या गुंडाळ्या दर्शनी किंमतीस घेतात, त्यांतून जुनीं रुपेरी नाणीं निवडून ठेवितात आणि बाकीचीं पुन्हां भरतात. त्यांच्यापुढें पेंच उभा राहतो तो असा: ही निवडीची खूण खिडकीमागच्या रोखपालास सांगावी कीं नाहीं? सांगितली तर उद्यां तोच तीं नाणीं बाजूस काढील. न सांगितली तर ज्यानें अजाणतां तीं भरलीं त्याच्या अज्ञानावर संग्राहकाचें कपाट भरत राहील.

वाद परदेशांतला खरा. पण महाराष्ट्रानें तो कित्येक शतकें चालविला आहे. फरक इतकाच कीं, आमच्याकडे तो उलट्या टोंकापासून सुरू झाला. येथें खिडकीमागचा माणूस हाच रुप्याचा पहिला जाणता होता. त्याची ती विद्या पुढें त्याच्या हातून गेली, आणि ती कोणाकोणाच्या हातीं पडली हेंच ह्या इतिहासांतील पाहण्याजोगें आहे.

अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें. शिलाहारांच्या त्या काळांत पश्चिम हिंदुस्थानांत जीं ओबडधोबड जाड नाणीं चालत, त्यांना पुढें ‘गधैया’ असें नांव पडलें. मूळ ठसा इराणच्या सासानी राजांच्या नाण्यावरचा. शतकामागून शतक नक्कल होतां होतां त्यावरील राजाचा मुखवटा नुसत्या रेघा आणि ठिपके होऊन बसला, आणि चेहऱ्याबरोबर रुपेंहि आटत गेलें. आरंभींचें नाणें चांगल्या रुप्याचें, तर शेवटचें जवळजवळ तांब्याचें. नांव तेंच, वजनहि बहुतेक तेंच, आणि आंतला कस मात्र निराळा! असें नाणें जेथें चालतें तेथें पारख्याचा धंदा आपोआपच उभा राहतो.

मराठी राज्यांत ह्या धंद्याला हुद्याचें रूप आलें. पोतदार हें आज आडनांव म्हणून ऐकूं येतें. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांसारख्या इतिहासकारामुळें तें घरोघरीं ठाऊक आहे. परंतु पोतदार म्हणजे मुळांत सरकारी खजिन्यांत भरणा होणारें नाणें पारखून घेणारा अधिकारी. गांवीं हें काम बहुधा सोनाराकडे असे, आणि वसुलाचे रुपये तपासून देण्याबद्दल गांवाकडून त्याचा हक्क त्याला पोंचे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी राज्यांतील टांकसाळींवर निबंध लिहिला, तेव्हां ह्या व्यवहाराचें गुंतागुंतीचें चित्र प्रथम नीट समोर आलें. टांकसाळी सरकारी तशाच खासगीहि असत. सोनारांना आणि सावकारांना त्यांचे परवाने मिळत. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती, अर्काटी असे नाना शिक्क्यांचे रुपये एकाच पेठेंत फिरत, आणि एकाचा दुसऱ्याशीं भाव जुळविण्यासाठीं बट्टा आकारावा लागे. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७६५ च्या सुमारास, धारवाडकडच्या खासगी टांकसाळींतून हिणकस नाणीं निघूं लागल्यामुळें त्या बंद करून एकच सरकारी टांकसाळ ठेवण्याचा हुकूम झाला.

ह्या युगाची छाप मराठी भाषेवर इतकी खोल उमटली आहे कीं, ती कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. कोणाच्या अब्रूला बट्टा लागतो. कोणाचें बोलणें खणखणीत असतें, तर कोणाचें बद्द वाजतें. वाईट कविता हिणकस ठरते. आणि प्रसिद्ध गवई नाणावलेला म्हणून ओळखला जातो. हे सर्व शब्द पोतदाराच्या चौरंगावरून उठून घरांत आले. रुपया दगडावर टाकून त्याचा नाद ऐकावा, कांठ बोटानें चांचपावा, शंका आल्यास छिनीनें छेद द्यावा, इतकें शिक्षण तेव्हांच्या साध्या गृहस्थालाहि थोडेंबहुत असे. तरी शेवटचा शब्द पोतदाराचा. त्याची पारख गुप्त नव्हती. ती चारचौघांदेखत, भरणा करणाराच्या डोळ्यांसमोर चाले. तींत लबाडी होत नसे असें नव्हे. पुष्कळ होई. परंतु चांगला रुपया आणणारास वाईट रुपयांच्या हिशेबांत अधिक मोबदला मिळण्याची वाट त्या बट्ट्यानेंच उघडी ठेविली होती, हें त्याच्या शत्रूंनींहि मान्य केलें पाहिजे.

पुढें कंपनी सरकारनें १८३५ च्या १७ व्या कायद्यानें आपल्या मुलुखांत एकच रुपया चालू केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे नेमका एक तोळा. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग, म्हणजे १६५ ग्रेन, शुद्ध रुपें. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्यास कलदार म्हणूं लागले. तो इतका बिनचूक असे कीं, वाण्याच्या तराजूंत तोळ्याच्या वजनाऐवजीं रुपयाच पडूं लागला. ऐंशीं रुपयांचा शेर झाला. १२ मे १८५६ रोजीं कल्याणहून घाटाच्या पायथ्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, आणि बदलापूरच्या स्थानकावर तिकिटासाठीं टाकलेला रुपया पुण्याकडे किंवा मुंबईकडे कोठेंहि तोच राहिला. बट्टा गेला, आणि बट्ट्याबरोबर घरोघरींची पारखहि गेली. हा मोठा उपकार होता, ह्यांत वाद नाहीं. ज्याला पारख करावी लागत नाहीं तो सुखी. पण जो पारख विसरतो त्याचें सुख दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभें असतें, एवढें मात्र खरें.

खिडकीवर पारख उरली ती एकाच बाजूची. १९०६ च्या नाणेविषयक कायद्यानें खजिन्यावरील अधिकृत माणसास असा अधिकार दिला कीं, खोटें किंवा प्रमाणाबाहेर झिजलेलें नाणें समोर आल्यास त्यानें तें तोडून टाकावें. म्हणजे नाणें आपल्या दर्शनी किंमतीहून उणें असेल तर तें ओळखणें हें खजिन्याच्या कारकुनाचें कर्तव्य. उलट नाणें दर्शनी किंमतीहून अधिक मोलाचें असेल, तर तसें आणणारास सांगावें, असें कर्तव्य मात्र त्याच्यावर घातलेलें नव्हतें. पोतदाराच्या तराजूला दोन पारडीं होतीं. नव्या खिडकीच्या तराजूचें एक पारडें काढून घेतलें गेलें. संग्राहकाचा आजचा पेंच नेमका त्या काढून घेतलेल्या पारड्याविषयींचा आहे.

तें पारडें किती जड होऊं शकतें, ह्याचा पहिला अनुभव १९१७ सालीं आला. १८९३ मध्यें टांकसाळी खासगी रुप्याला बंद झाल्यापासून रुपयांतील रुपें त्याच्या सोळा आण्यांहून बरेंच स्वस्त असे. महायुद्धांत रुपें चढत चाललें. लंडनच्या बाजारांत औंसास ४३ पेन्स ही हद्द अशी होती कीं, तीपलीकडे भाव गेल्यास एक शिलिंग चार पेन्सांचा रुपया चालविण्यापेक्षां वितळविणें किफायतशीर व्हावें. ऑगस्ट १९१७ मध्यें ती हद्द ओलांडली गेली. नाणीं वितळविण्यास बंदी झाली; नोव्हेंबरांत एक रुपयाची नोट आली, आणि तिच्या पाठोपाठ अडीच रुपयांचीहि. एप्रिल १९१८ मध्यें मुंबईस नोटा मोडून रुपये घेण्यासाठीं गर्दी लोटली. शेवटीं अमेरिकेनें आपले रुप्याचे डॉलर वितळवून सुमारें वीस कोटी औंस रुपें हिंदुस्थानासाठीं विकत दिलें, तेव्हां सरकारचा जीव भांड्यांत पडला. इंग्लंडनें तर १९२० मध्यें आपल्या शिलिंगांतील रुपें हजारांत ९२५ भागांवरून ५०० वर उतरविलें. हिंदुस्थानचा रुपया त्या वेळीं वांचला.

तो वांचला वीसच वर्षें. जून १९४० मध्यें फ्रान्स पडलें, आणि नोटांवरचा लोकांचा विश्वास डळमळला. ज्याला त्याला खणखणीत रुपया हवासा झाला. सरकारनें त्याच महिन्यांत गरजेहून अधिक नाणें सांठविणें हा गुन्हा ठरविला; जुलैंत एक रुपयाची नोट पुन्हां काढली; आणि डिसेंबरांत रुपयाचा कस अकरा-द्वादशांशावरून निम्म्यावर आणला. नव्या मिश्रणांत रुपें पन्नास भाग, तांबें चाळीस, निकल पांच आणि जस्त पांच. वजन तेंच १८० ग्रेन. म्हणजे जुन्या रुपयांत १६५ ग्रेन शुद्ध रुपें, तर नव्यांत ९०. शंभर रुपयांच्या थैलींत साडेसात हजार ग्रेनांचा फरक पडला. तोळ्यांत सांगावयाचें तर ४१ तोळे आणि वर थोडें.

मग जुनें नाणें परत बोलाविण्याचें सत्र सुरू झालें. व्हिक्टोरिया राणीचे, म्हणजे खेड्यापाड्यांत ज्यांना राणीछाप म्हणत ते, रुपये ३१ मार्च १९४१ नंतर कायदेशीर चलन राहिले नाहींत. सातव्या एडवर्डच्या रुपयांची मुदत ३१ मे १९४२ ला संपली. पांचव्या आणि सहाव्या जॉर्जच्या जुन्या कसाच्या रुपयांची ३० एप्रिल १९४३ ला. सोनिवलीसारख्या गांवांतून रुपये गांठीस बांधून तालुक्याच्या खजिन्याकडे किंवा सराफाकडे जाणें, एवढ्या दोनच वाटा उरल्या. राणीछाप रुपये बहुधा कोनाड्यांतल्या गाडग्यांत, किंवा बायकांच्या पुतळ्यांच्या माळेशेजारीं पेटींत असत. त्यांचा मालक बहुधा निरक्षर असे, आणि पेटीची खरी मालकीण तर हटकून.

येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४१ सालीं जुन्या रुपयांतील रुप्याची बाजारकिंमत रुपयाहून बरीच कमी होती. खजिन्यानें राणीछाप घेऊन पुरता रुपया दिला, तो त्या दिवसाच्या भावानें फसवणूक नव्हे. परंतु हिशेब साधा आहे: १६५ ग्रेन शुद्ध रुपें एका रुपयास, ह्या दरानें शंभर तोळ्यांचा भाव १०९ रुपयांच्या वर गेला कीं नाणें आपल्या दर्शनी किंमतीहून महाग होतें. १९४३ च्या सुमारास मुंबईच्या बाजारानें ती हद्द ओलांडली. हा आंकडा ज्याला ठाऊक होता त्यानें रुपये ठेवले. ज्याला ठाऊक नव्हता त्यानें मुदतीच्या भीतीनें ते भरले. सराफाला तो आंकडा ठाऊक होता. टांकसाळीला ठाऊक होता. ज्याच्या पेटींत रुपये होते त्याला मात्र तो सांगण्याचें कोणाचेंच काम नव्हतें. ‘ह्यांत इतकें रुपें आहे, आणि ज्या रुपयाशीं हा बदलला जाईल त्यांत इतकें,’ एवढें वाक्य खिडकीवरून ऐकूं आलें असतें तर कित्येक पेट्या उघडल्याच नसत्या.

संग्राहकांच्या बाजूनें पाहिलें तरी ह्या मौनाचें फळ गोड लागलें नाहीं. परत आलेले रुपये मुशींत गेले, आणि त्यांच्याबरोबर इतिहासहि वितळला. १८६२ सालाच्या रुपयाचें उदाहरण घ्यावें. त्यावरील साल १८७४ पर्यंत बदललेंच नाहीं. पुढच्या वर्षांची ओळख मुंबईच्या टांकसाळींत मागील बाजूच्या वेलबुट्टींत बारीक ठिपके घालून ठेविली जाई. हे ठिपके मोजल्याशिवाय १८६२ चा रुपया खरोखर कोणत्या वर्षाचा, हें समजत नाहीं. खजिन्यांतल्या कारकुनास सारे सारखेच. १९११ चा पांचव्या जॉर्जचा रुपया तर पहिल्याच वर्षीं वादांत सांपडला: राजाच्या झग्यावरील साखळींतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, आरडाओरड झाली, आणि बहुतेक नाणीं परत घेऊन १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दाखविण्यांत आली. सर्वांत दुर्मिळ म्हणून ज्याचा शोध होतो तो १९३९ चा जुन्या कसाचा रुपया. लाखांनीं पाडलेला, पण व्यवहारांत फारसा न येतां बहुतांशीं वितळविला गेलेला. असा एखादा रुपया त्या चार वर्षांत कोण्या तालुक्याच्या खिडकीवरून पुढें सरकला असेल, तर तो अडविण्यास तेथें जाणता डोळा नव्हता. ज्यांचे डोळे जाणते होते ते खिडकीच्या बाहेर, आपलें ज्ञान मुठींत धरून उभे होते.

आतां संग्राहकाचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. ठिपके मोजण्याची, कांठ ओळखण्याची विद्या त्यानें स्वतःच्या वेळानें आणि पैशानें मिळविलेली असते. ती फुकट कां वाटावी? शिवाय कारकुनास सांगितल्यानें नाणें मालकास मिळत नाहीं, तें फक्त एका जाणत्याच्या खिशांतून दुसऱ्याच्या खिशांत जातें. हा दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचें उत्तर पोतदाराच्या चौरंगावर सांपडतें. पारख दोघांत कुजबुजून सांगितली तर ती बट्टा; तीच नाणें आणणारासमोर मोठ्यानें सांगितली तर ती पारख. कारकुनास सांगावयाचें तें त्यानें स्वतः नाणें काढून घ्यावें म्हणून नव्हे, तर खिडकीपुढें उभ्या असलेल्या बाईस त्यानें विचारावें म्हणून कीं, ‘बाई, हा रुपया भरावयाचाच आहे ना?’

अशी व्यवस्था अशक्य आहे असें म्हणण्यास जागा नाहीं, कारण ह्याच देशांत एका ठिकाणीं ती कायद्यानें झाली. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा कलेक्टरास कळवावा लागतो. मुंबई इलाख्यांत असे ठेवे तपासण्यासाठीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेंतील जाणत्यांकडे जात, आणि कोणतें नाणें संग्रहालयांत ठेवावयाचें हें तेथें ठरे. म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर आणि नाण्यांचा कलेक्टर, इंग्रजींत एकच नांव धारण करणारे हे दोन गृहस्थ, एका मेजाशीं बसविले गेले. जमिनींतल्या नाण्याला जो मान मिळाला तो पेटींतल्या नाण्याला मात्र मिळाला नाहीं.

१९४३ ते १९४५ ह्या काळांत अमेरिकेनें आणखी सुमारें साडेबावीस कोटी औंस रुपें हिंदुस्थानास उसनें दिलें, तें औंसास औंस परत करण्याच्या बोलीवर. १९४७ सालीं निकलचा रुपया आला आणि व्यवहारांतून रुपें कायमचें उठलें. निम्म्या कसाचीं नाणीं पुढें गोळा करून गाळण्यांत आलीं, आणि त्या रुप्यांतून अमेरिकेचें देणें फिटलें. आज बँकेच्या खिडकीवर राणीछाप रुपया कोणी घेत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २००४ सालीं मुंबईंत फोर्ट भागांत नाण्यांचें संग्रहालय उघडलें. तेथें तो कांचेआड दिसतो. घरांत निघालेला रुपया आतां सराफाकडेच जातो, आणि तो मोडीच्या भावानें तोलला जातो कीं नाण्याच्या भावानें, हें पुन्हां एकदां समोर गादीवर बसलेल्या माणसावर येऊन ठेपलें आहे. बदलापूर, अंबरनाथ आणि त्यांच्या शेजारीं १९४९ मध्यें वसलेलें उल्हासनगर ह्या तिन्ही ठिकाणच्या पेठांत अशा पेट्या अजूनहि उघडतात.

त्या उघडण्यापूर्वीं पाहावयाचें तें फार नाहीं. सन १९३९ पर्यंतचा कलदार रुपया असेल तर त्यांत बारा भागांत अकरा भाग शुद्ध रुपें आहे. तो दगडावर स्वच्छ वाजतो. १९४० पासून १९४५ पर्यंतचा असेल तर निम्मेंच; ह्याच्या कांठावर बहुधा मधोमध एक नक्षीदार खांच असते, ती नखास लागते. १९४७ च्या रुपयावर मागें वाघ आहे, आणि तो लोहचुंबकास चिकटतो. त्यांत रुपें मुळींच नाहीं. रुपया १८६२ चा असेल, तर भिंग घेऊन मागचे ठिपके आधीं मोजावे, आणि चिंच किंवा राख लावून तो घांसूं नये.